जावळाचं सूत

पऱ्हाट्या उपटून झाल्या की आमच्याकडचं रान एकाएकी मोठं दिसायला लागतं. चार-पाच महिने जिथं कापसाच्या झाडांनी वाट अडवलेली असते, तिथं बांधावर उभं राहिलं की थेट नदीकाठच्या बाभळी दिसतात. काळी माती उघडी पडते. तिला भेगा जातात आणि एखाद्या भेगेत वेचायचा राहून गेलेला कापसाचा बोळा वाऱ्यानं हलत राहतो. लिंबाची जुनी पानं अंगणभर होतात, कितीही झाडलं तरी. सकाळी गार असतं आणि दुपारी मातीवर पाय ठेववत नाही. ह्या दिवसांना काय नाव आहे ते मला माहीत नाही. हिवाळा संपलेला असतो, उन्हाळा अजून बसलेला नसतो. मी आपली त्यांना मेंढरांचे दिवस म्हणते.

परवा सकाळी सडा टाकत होते तेव्हा घंटी ऐकू आली. आधी एकच, मग तिच्या मागून तो सगळा मिळून येणारा आवाज. मेंढरांचा आवाज दुरून एकेकाचा येत नाही, पोत्यातून जवारी ओतावी तसा एकदम येतो. आणि आवाजाच्या मागून वास येतो. लेंड्यांचा, धुळीचा, आणि त्या दोन्हींच्या वर तेलकट लोकरीचा.

हे गोठ्यातून बाहेर आले आणि डोळ्यांवर हात धरून बघत राहिले. "खंडूमामा आला वाटतं," हे म्हणाले. "वढ्याच्या पल्याड बसवलेत मेंढरं. आपल्या रानाशी म्हाताऱ्याचं का वाकडं हाय कुणाला ठावं. पहिले दर साली आपल्यातच बसायचा."

मी बादली उचलली आणि आत गेले. बारा वर्षं झाली, मी अशीच आत जाते. ह्या दिवसांत मला पुढच्या दारात काम सुचत नाही. डाळ निवडायची असली तर मागच्या पडवीत निवडते. कुणी विचारलं तर म्हणते, पुढं ऊन येतं. पुढं ऊन येतच नाही, लिंब आहे.

बारा वर्षांपूर्वी मुक्ता, माझी लेक, सहावीला होती. शाळेतल्या बाईंनी वहीत कापडाचे तुकडे चिकटवून आणायला सांगितले होते. प्रत्येक तुकड्याखाली लिहायचं होतं, हा धागा कशापासून होतो आणि कसा होतो. कापसाचं तिनं बसल्या बैठकीला लिहून टाकलं. ते आमच्या घरात कुणालाही विचारा. रेशमाचं पुस्तकातून उतरवलं. लोकरीपाशी येऊन अडली. संध्याकाळी बघते तर ही कात्री घेऊन बसलेली, आणि शाळेच्या लाल स्वेटरची खालची कड अर्धी कापलेली.

मी काही म्हणायच्या आत ओट्यावरून आत्याबाई, माझ्या सासूबाई, बोलल्या. "आगं, जित्ती लोकर आपल्या रानात चरायलीय अन ही सुटर कापायलीय. लय शिकली."

"आजी, ती मेंढरावर असती. मला धागा पाहिजे."

"मंग धागा का झाडाला लागतो? उद्या आयतवार हाय. चल तुळसाकडं. ती सगळं करून दावती."

तुळसाआक्का म्हणजे खंडूमामाची बायको. खंडूमामा धनगर. दर साली मेंढरं घेऊन यायचा आणि नदीकाठच्या आमच्या रानात आठ-पंधरा दिवस बसवायचा. मेंढरं जिथं बसतात तिथं खत पडतं, पुढच्या पिकाची काळजी मिटते. आत्याबाई त्यांच्याकडं जवारी धाडायच्या, सणाची पोळी धाडायच्या. पण ते सगळं हे नाहीतर आत्याबाई बघायच्या. मी लग्न होऊन आल्यापासून ती मेंढरं दुरूनच बघितली होती.

आमच्या घरातल्या बायांचं बाहेर जाणं म्हणजे लग्नाला नाहीतर दवाखान्यात. नुसतं काहीतरी बघायला सगळ्यांनी मिळून जायचं, असं त्याच्या आधी कधी झालं नव्हतं आणि पुढंही झालं नाही. मी उजाडायच्या आत भाकरी थापल्या. हिरव्या मिरच्यांचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कांदे, दह्याचं गाडगं. ह्यांनी गाडी जुंपली. मुक्ता वही छातीशी धरून पुढं बसली. वाटेवर नांगरलेल्या ढेकळांतून गाडी अशी हलायची की आत्याबाई दर वेळी म्हणायच्या, "आरं, दह्याचं ताक होईल." आणि मुक्ता हसायची. मी पदराखाली हसायचे. मला तो रस्ता अजून धक्क्याधक्क्यानं आठवतो.

मेंढरं आदल्या दिवशी नदीत धुतली होती आणि त्या दिवशी कातरण होतं. दोघं जण मेंढरू आडवं पाडत, चारी पाय एका ठिकाणी बांधत, आणि खंडूमामा कातर घेऊन बसे. कातर लागेपर्यंत मेंढरू ओरडायचं. लागली की गप्प. लोकर तुकड्यातुकड्यानं निघत नाही हे मला त्या दिवशी कळलं. ती एका कडेनं सुटत सुटत येते, आणि मेंढरू उठून उभं राहतं तेव्हा खाली त्याचा सगळा अंगरखा पडलेला असतो. आणि ते उभं राहिलेलं मेंढरू इतकं बारीक, इतकं उघडं असतं की दुसरी मेंढरंही त्याला हुंगून बघतात, हे आपलंच का म्हणून. मी मान वळवली. त्याच्याकडं बघायचं मला धाडस झालं नाही.

तुळसाआक्का ठेंगणी होती. कपाळावर गोंदण, हातात चांदीची कडी, आणि डाव्या डोळ्यावर दुधाच्या सायीसारखा पडदा. ती मुक्ताला जवळ घेऊन बसली. "तू लिव. म्या सावकाश सांगते. समदं एकदम सांगितलं तर तुजी पेनशील पळंल अन गोष्ट हितंच राहील."

तिनं लोकरीचा एक झुपका घेतला आणि त्यातले काटे, कुसळं, वाळकी पानं एकेक वेचली. मग काठीनं झोडपली. मग एक कमान काढली, तिला आतड्याची तात ओढलेली. ती तात लोकरीवर वाजवली की लोकर फुगून उडायची, काळ्या धुरासारखी. त्या धुराचे तिनं मांडीवर लांबट पेळू वळले. आणि मग टकळी. पेळूचं टोक टकळीला लावलं, मांडीवर एक फिरकी दिली, आणि टकळी खाली सोडली. टकळी फिरत फिरत खाली जायला लागली आणि तिच्या चिमटीतून सूत निघायला लागलं. तिथं आधी काही नव्हतं आणि आता सूत होतं. ती उठून चालायला लागली तरी सूत निघतच होतं. मेंढरांमागं चालून चालून तिचा हात पायांबरोबर चालायला शिकला होता.

"हात लाव," ती मुक्ताला म्हणाली. "का लागतंय?"

"चिकट. तेलकट."

"तेलच हाय ते. मेंढराच्या आंगचं. पावसात मेंढरू आतून भिजत न्हाई ते ह्याच्यामुळं. हे तेल म्हंजी सुताचा जीव. लय मळलं तर गार पान्यात बुचकळायचं अन सावलीत टाकायचं. कढत पानी लावायचं न्हाई. लिव."

मुक्तानं लिहिलं. मी शेजारीच होते. पण तिथं परकी माणसं होती, खंडूमामा होता, आणि मी सगळा वेळ माझ्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होते. मी ऐकलं नाही असं नाही. ऐकलं, पण ते मुक्ताला सांगितलेलं म्हणून ऐकलं.

"तुमची सून बोलत न्हाई का वो?" तुळसाआक्कानं विचारलं.

"ती तशीच हाय," आत्याबाई म्हणाल्या. "लगीन होऊन आली तवा मला वाटलं, मुकीच गळ्यात बांधली का काय. वर्सानं एक डाव कोंबडीला हाड म्हनली, तवा जीवात जीव आला."

सगळे हसले. खंडूमामासुद्धा कातर थांबवून हसला. माझे कान तापले. तेव्हा तुळसाआक्का माझ्यासमोर येऊन बसली आणि टकळी माझ्या हातात दिली. "धर. ह्याला बोलाया लागत न्हाई."

पहिल्यांदा तुटलं, दुसऱ्यांदा तुटलं. तिसऱ्यांदा तिनं माझ्या चिमटीवर आपली चिमटी ठेवली, आणि मला बोटांत जाणवलं की लोकर किती सोडायची आणि किती धरायची. मग तिनं आपला हात काढून घेतला तरी सूत तुटलं नाही. हातभर निघालं, दोन हात निघालं. माझ्या कानात मेंढरांचा आवाजही येत नव्हता. तुळसाआक्कानं ते सूत बोटावर घेऊन बघितलं, बघितलं म्हणजे चाचपलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "हात हाय हिला."

माझ्याबद्दल सगळ्यांसमोर कुणी काही चांगलं म्हणालं, ते तेवढंच. आत्याबाईंनी पण मान डोलावली.

दुपारी बाभळीखाली सगळ्यांनी मिळून जेवण केलं. त्यांनी मेंढीच्या दुधाचा खरवस दिला, आम्ही ठेचा दिला. जेवण झाल्यावर तुळसाआक्कानं पालातून एक फडकं आणलं आणि सोडलं. आत सुताचे सात गुंडे होते, आंब्याएवढे. आधी काढलेलं सूत खरबरीत होतं. हे हाताला लागतच नव्हतं, एवढं मऊ.

"हे जावळाचं," ती म्हणाली. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ. लेकराचं जावळ काढतात तसंच. पुन्हा त्या अंगावर तशी मऊ लोकर येत नाही. एका कोकराची ओंजळभर निघते. तिनं तीन वर्षांच्या कोकरांची साठवून हे कातलं होतं. तिची लेक पोटुशी होती. तिच्या बाळाला ह्याची घोंगडी विणून घ्यायची होती. घोंगडी विणणारा त्यांच्या गावाकडं होता, परतीच्या वाटेवर त्याच्याकडं देणार होती. "आता डोळा चाललाय," ती म्हणाली, अगदी सहज, जसं काही मीठ संपलंय. "ह्याच्यापुढं एवढं बारीक व्हायचं न्हाई माज्याच्यानं."

आम्ही निघालो तेव्हा नदीच्या बाजूनं आभाळ काळं झालं होतं. गाडी बांधावर चढत होती तोच ती मागून पळत आली आणि ते फडकं माझ्या मांडीवर ठेवलं. आत्याबाईंच्या नाही, माझ्या. "सूनबाई, हे तुज्याकडं राहू दे. पाल गळतंय. ओल लागली तर वास मारंल. दहा दिवसानं माघारी येताव तवा नेते. तुला कळतंय ते का हाय."

मी मान हलवली. रात्रीतून गारा पडल्या. सकाळी अंगणात लिंबाची कोवळी पालवी तुटून पडली होती, आणि मला वाटलं, बरं झालं, सूत आपल्याकडं आहे.

मी ते माळ्यावर ठेवलं. दोन दिवसांनी आत्याबाई म्हणाल्या, "घरात मेंढरू आनून बांधलंय का?" वास होताच. मी रोज ते फडकं सोडून बघायची, एक गुंडा हातात घेऊन गालाला लावायची. आणि रोज मला त्यात काहीतरी काळपट, चिकट दिसायला लागलं. मला वाटलं, आपण हे स्वच्छ करून दिलं तर. ती येईल, फडकं सोडेल आणि म्हणेल, सूनबाई, हे काय केलंस, किती चांगलं केलंस. खरं सांगायचं तर मला पुन्हा एकदा सगळ्यांसमोर तसं ऐकायचं होतं.

कापसाच्या घरची माणसं आम्ही. मळलेलं काही असो, वाकळ, धोतर, उशीचा अभ्रा, सोड्याच्या पाण्यात उकळायचं, दगडावर ठेवून मोगरीनं बडवायचं आणि गार पाण्यात खळबळायचं. कापूस ह्या सगळ्यातून जातो आणि जास्तच पांढरा होऊन येतो. मला दुसरं काही माहीत नव्हतं. नाही, तेही खरं नाही. सकाळी मी चुलीवर पातेलं ठेवलेलं बघून मुक्ता दप्तर घेऊन दारात थांबली.

"आई, आक्का म्हणली होती, कढत पाणी लावायचं नाही. मी लिहिलंय."

"गप. शाळेला उशीर व्हायलाय," मी म्हणाले. जगात मी एकाच माणसाला गप म्हणू शकत होते, ते माझं लेकरू.

गुंडे सोडून लडी केल्या आणि उकळत्या पाण्यात टाकल्या. पाणी लगेच काळं झालं. मला आनंद झाला, केवढी घाण निघाली म्हणून. काठीनं ढवळलं. दगडावर बडवलं. मग गार पाणी ओतलं. लडी वेगळ्या करायला गेले तर त्या सुटेनात. मला वाटलं, गुंता झाला. बोटं घातली तर बोटाला सूत लागेचना. जिथं हाताला हजार सुतं लागायला पाहिजे होती, तिथं एकच काहीतरी होतं, जाड, घट्ट, एकमेकांत मुरलेलं, लेकराच्या उशीएवढं. मी नखानं ओढलं, दातानं ओढलं. एका कोपऱ्यातून बोटभर सूत वर आलेलं होतं. तेवढंच सूत राहिलं होतं.

मी ते मागच्या पडवीत सावलीत वाळवलं. आता सावलीत वाळवून काय होणार होतं.

दहाव्या दिवशी आत्याबाई आणि हे वालूरच्या बाजाराला गेले होते. मुक्ताला सुट्टी होती. दुपारी मेंढरांचा आवाज रस्त्यानं आला आणि दारासमोर थांबला. "सूनबाई हाय का घरात?" मी दाराच्या मागं उभी होते. दोन पावलं टाकली असती तर तिच्यासमोर गेले असते. मी मुक्ताचा दंड धरला आणि तिच्या कानात सांगितलं. आई घरी नाही म्हण. सुताला कसर लागली म्हण. सगळं खाल्लं, टाकून दिलं म्हण.

मुक्तानं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला सांगता येणार नाही. मग ती बाहेर गेली.

मी दाराच्या फटीतून ऐकत होते. मुक्तानं सांगितलं तसं सगळं म्हटलं, धडा म्हणून दाखवावा तसं, एका दमात.

"कसर?" तुळसाआक्का म्हणाली. मेंढरं तेवढी ओरडत होती. "दहा दिसांत?"

"हो."

"बरं." ती ओट्यावर टेकली. "पानी दे गं बाई."

मुक्ता आत आली, माझ्याकडं न बघता तांब्या भरला आणि बाहेर गेली. पाणी पिताना तुळसाआक्काच्या कड्यांचा आवाज आला.

"तुजी वही झाली का लिवून?"

"झाली."

"बाई का म्हनल्या?"

"चांगलं लिहिलं म्हणल्या."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि निघाली.

संध्याकाळी आत्याबाईंनी विचारलं, "तुळसा आली हुती का? सूत नेलं का?" मी हो म्हणून मान हलवली. मुक्ता तिथंच जेवत होती. तिनं भाकरीचा तुकडा कोरडाच तोंडात घातला. त्या विषयावर आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही.

पुढच्या साली खंडूमामा आमच्या रानात आला नाही. ओढ्याच्या पल्याड बसला. त्याच्या पुढच्या सालीही. हे निरोप धाडायचे, तो "बघू" म्हणायचा. आत्याबाई वारल्या तेव्हा तो भेटायला आला, एकटाच. मी आत होते.

तो गोळा मी जाळला नाही. लोकर जळाली की वास सुटतो, आणि मला भीती वाटली की त्या वासानं सगळं कळेल. माझ्या पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या शालूच्या खाली ठेवला. दर साली लिंबाची पानं वाळवून त्याच्या वरखाली घालत होते, कसर लागू नये म्हणून. बारा वर्षांत खरोखर कसर लागली नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. बोलायला जमत नाही ते कधीमधी लिहिते आणि ठेवून देते. परवा मेंढरं आली तेव्हा मला लिहावंसं वाटलं आणि कागद नव्हता म्हणून मुक्ताच्या जुन्या वह्या काढल्या. मागची पानं कोरी असतात. हीच वही हाताला लागली. सुती तुकडा, रेशमी तुकडा, आणि लाल स्वेटरची कड, तिच्याशेजारी काळ्या सुताचा एक वेटोळा. तो मी कातलेल्या सुताचा होता. तिनं तो तेव्हा तोडून घेतला होता, मला माहीत नव्हतं. खाली आकडे घालून लिहिलेलं. एक, मेंढीला धुतात. दोन, कातरतात. असं सहापर्यंत. सहावं होतं, लोकरीला स्वतःचे तेल असते, कढत पाणी लावू नये. खाली बाईंची लाल खूण. आणि त्या खुणेच्याही खाली, वेगळ्या शाईनं, सातवं. बाईंनी वही तपासून दिल्यावर लिहिलेलं. 'सूत उकळले की ते परत सूत होत नाही.'

ते वाक्य मी किती वेळ बघत होते मला माहीत नाही. सहावीतल्या पोरीला खरं कुठंतरी सांगायचं होतं आणि तिला ही एकच जागा सापडली.

काल दुपारी मी पेटी उघडली, गोळा पदराखाली घेतला आणि कुणाला न सांगता ओढा ओलांडला. ओढ्यात पाणी नाही, नुसते गोटे. तुळसाआक्का बाभळीखाली एकटी बसली होती. आता दोन्ही डोळ्यांवर साय आली आहे. हात मात्र मांडीवर पेळू वळत होते, काही नसताना.

"कोन हाय?"

मी समोर बसले आणि गोळा तिच्या मांडीवर ठेवला. तिनं तो चाचपला. उलटा केला, सुलटा केला, गालाला लावला. कोपऱ्यातलं बोटभर सूत तिच्या बोटांना लगेच सापडलं. ते तिनं ओढून बघितलं. तुटलं.

"उकळलंस," ती म्हणाली.

"व्हय."

"सूनबाई."

"व्हय."

ती म्हणाली, "लेक रुसली हुती माज्यावर. म्हनली, तीन वर्सं जावळाची घोंगडी, जावळाची घोंगडी म्हनून नाचवलंस, अन दिलंस का, तर बाजारातली चादर. दोन साल नीट बोलली न्हाई. म्या म्हनले, माज्याच्यानं झालं न्हाई बाई. दुसरं का सांगू?" तिचा हात गोळ्यावरून फिरत होता. "राग आला हुता. म्हनून मालकाला म्हनलं, त्या रानात नगं."

मी खाली बघत होते. तिला दिसणार नव्हतं तरी.

"कसर लागली तर भुगा राहतो," ती म्हणाली. "दहा दिसांत सात गुंडे खात न्हाई कसर. अन खाल्लं तरी भुगा ठिवती. म्या भुगा दाव म्हनले न्हाई."

"का?" मी विचारलं. एवढंच विचारलं.

"समोर लेकरू हुतं की."

वारा आला. उघड्या रानातून येणारा वारा थेट अंगावर येतो. मी माफी मागायला गेले होते, वाटेत चार वाक्यं जुळवली होती. ती सगळी त्या चार शब्दांपुढं बसली. मी दाराच्या मागं उभी राहून माझं लेकरू पुढं केलं होतं, आणि जिचं सूत गेलं होतं तिनं त्या लेकरासाठी आपलं तोंड मिटलं होतं.

मी गोळा परत घ्यायला हात पुढं केला. तिनं तो दाबून धरला. "राहू दे हितंच. बुडाखाली घ्यायला बरं हाय. ह्या रानात खडे लय टोचतेत." आणि खरोखरच जरा उचलून तिनं तो खाली सारला, बसून बघितला. मग विचारलं, "पोरगी कुठं असती आता?"

"नांदेडला."

"बरं," ती म्हणाली. त्या दिवशी म्हणाली होती तसंच.

संध्याकाळी मुक्ताला फोन लावला. तिच्या पोरीचं जेवण, जावयांची ड्यूटी, उन्हाळ्याची सुट्टी, सगळं बोलून झालं. मग मी म्हणाले, "तुळसाआक्काला सांगून आले."

ती म्हणाली, "कसरीचं?"

"व्हय."

"काय म्हणाली ती?"

"तो गोळा बसायला घेतला तिनं."

मुक्ता हसली की काय, मला फोनवर नीट कळलं नाही. "आणखी?"

"आणखी काही नाही," मी म्हणाले.

आक्कानं त्या दिवशी लेकरासाठी तोंड मिटलं, ते एक मला तिला सांगता आलं नाही. तोंडाशी आलं आणि आत गेलं. म्हणून ते इथं लिहून ठेवलं आहे, तिच्या सातव्या ओळीच्या मागच्या पानावर. उन्हाळ्यात ती येईल तेव्हा ही वही पेटीवर ठेवून देईन. वही तिचीच आहे.